प्रवाळाच्या घरांचे शहर आणि काचेतला समुद्र

उमऱ्याला जाणारा आपला माणूस जेद्दात उतरतो आणि विमानतळावरूनच मक्केची वाट धरतो. परतताना जमजम, खजूर आणि सामानाचे वजन यांच्या गडबडीत जेद्दा पाहायचे राहूनच जाते. २०१९ च्या सुरुवातीला आम्ही सहकुटुंब उमरा केला, तेव्हा मुद्दाम चार दिवस हाताशी ठेवले होते. उमऱ्याच्या व्हिसावर त्या वेळी मक्का, मदिना आणि जेद्दा या तीन शहरांत राहता येत असे. शिवाय आमचे मामेभाऊ वीस वर्षांपासून जेद्दाच्या अझीझिया भागात राहत होते. ‘हॉटेलात उतरलात तर बोलणार नाही,’ असा त्यांचा प्रेमाचा दम होता.

पहिल्या दिवशी असरनंतर भाऊ आम्हाला जुन्या जेद्दात, म्हणजे अल-बलदला घेऊन गेले. सातव्या शतकात हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात जेद्दा हे मक्केचे बंदर झाले. तेव्हापासून हाजींची गलबते इथेच लागली. मुंबईहून निघणाऱ्या हाजींच्या बोटीही इथेच येत; १९९५ नंतर ती समुद्रवाट बंद झाली. अल-बलदमधली चार-चार, पाच-पाच मजली घरे, त्यांचे लाकडी जाळीचे झरोके, अरुंद गल्ल्यांतून येणारा वारा, हे सारे पाहत माणूस हळूहळूच चालतो. या झरोक्यांना ‘रोशन’ म्हणतात, आणि त्यांचे बरेचसे लाकूड आपल्याकडून व जावाकडून आलेले. २०१४ मध्ये युनेस्कोने या वस्तीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पण आमचे लक्ष गेले ते भिंतींकडे. एका पडक्या घराचा चुन्याचा गिलावा निघाला होता आणि आतला दगड उघडा पडला होता. हात लावला तर खरखरीत, भोकाभोकांचा. जवळून पाहिले तर त्यावर इवल्या इवल्या चांदण्यांची नक्षी. भाऊंची थोरली लेक म्हणाली, “चाचा, हा दगड नाही, प्रवाळ आहे. या एकेका चांदणीत एकेक जीव राहत होता.” सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर ज्या मरजानचा उल्लेख येतो, ते प्रवाळ आपण बहुधा अंगठीतल्या खड्यातच पाहिलेले असते. इथे त्याची आख्खी घरे उभी होती. वजनाला हलका, कापायला सोपा, आणि शेजारच्या समुद्रातून फुकट मिळणारा हा दगड जेद्दाच्या गवंड्यांनी शतकानुशतके वापरला.

शेजारची खाडी

हे प्रवाळ आणि बांधकामाची माती काढण्याच्या जागांपैकी एक अल-बलदला लागूनच आहे. तिचे नाव अल-अरबईन. समुद्राचा एक उथळ फाटा शहरात शिरला आहे; तोंड अरुंद, त्यामुळे आतल्या पाण्याची ये-जा कमी. आम्ही काठावरून चाललो तेव्हा दिव्यांची प्रतिबिंबे सुंदर दिसत होती, पण पाणी हिरवट होते आणि वाऱ्याच्या झुळकेबरोबर सडक्या अंड्यासारखा वास येत होता.

त्याचे कारण लपलेले नाही. जेद्दा झपाट्याने वाढले आणि गटारव्यवस्था मागे राहिली. कित्येक वर्षे बहुतेक घरांचा मैला घराखालच्या टाक्यांत साठे आणि टँकरने शहराबाहेर नेला जाई. धड शुद्ध न केलेले सांडपाणी या खाडीतही येत राहिले. अलीकडच्या काळात खाडी सुधारण्याची कामे हाती घेतली गेली आहेत, पण तळाशी साठलेला गाळ एका दिवसात जात नाही.

आम्ही म्हटले, “केवढी ही घाण!” त्यावर लेक जे बोलली ते आमच्या ध्यानात राहिले. “चाचा, ही नुसती घाण असती तर काही उगवलं नसतं. हे खत आहे. खत जास्त झालं म्हणून पाणी हिरवं झालं. घरी चला, मी दाखवते.”

काचेतला समुद्र

भाऊंच्या दिवाणखान्यात चारशे लिटरची काचेची टाकी होती. आमच्या मुलांनी चप्पल काढायच्या आधी तिच्याकडे धाव घेतली. आत खडकांची रास, त्यावर जांभळ्या, हिरव्या, गुलाबी प्रवाळांच्या फांद्या. हे प्रवाळ समुद्रातून तोडलेले नव्हते. दुकानातून आणलेल्या, टाकीतच वाढवलेल्या बोटभर फांद्यांपासून सहा वर्षांत एवढे झाले होते. मधून पिवळ्या शेपटीचा जांभळा मासा फिरत होता. तो तांबड्या समुद्राचाच रहिवासी.

टाकीशेजारी एक वही. लेकीने दर शनिवारी तारखेसह दोन आकडे लिहिलेले: नायट्रेट आणि फॉस्फेट. आपल्या शेतकऱ्याला हे दोन्ही शब्द परके नाहीत. खताच्या गोणीवर नत्र आणि स्फुरद म्हणून ते छापलेलेच असतात. शेतात ज्याला आपण पैसे मोजतो, तेच इथे मोजून-मापून बाहेर काढायचे.

ते येते कुठून? माशांच्या खाद्यातून. मासा खातो, विष्ठा टाकतो, उरलेले खाद्य कुजते. त्यातून अमोनिया होतो आणि तो माशांना विषारी. खडकावर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खडकाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेट फोडून नत्रवायू करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फेटला मात्र हवेत उडून जाण्याची अशी वाट नाही. आलेले फॉस्फेट कोणीतरी उचलून बाहेर काढेपर्यंत टाकीतच राहते. पाण्यात नसले तर खडकात आणि वाळूत.

लेकीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. सुक्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात दहा मिलिग्रॅम; त्याचे फॉस्फेट होते सुमारे तीस मिलिग्रॅम. ते सगळे चारशे लिटर पाण्यात विरघळले तर दर लिटरला ०.०७ मिलिग्रॅमहून थोडे अधिक. आणि टाकीला हवे किती? ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान. म्हणजे चिमूटभर खाद्याने एका दिवसात जवळजवळ सगळी मर्यादा भरते! त्याच एका ग्रॅममधून नायट्रेट चढते दर लिटरला पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. ते दोनपासून दहापर्यंत चालते. खुल्या समुद्रातल्या प्रवाळांभोवती तर दोन्ही याहून कितीतरी कमी असतात. तांबड्या समुद्राला बारमाही नदी मिळत नाही, पाऊस नाममात्र, त्यामुळे जमिनीवरून खत वाहून येत नाही. विशेषतः त्याचा उत्तर भाग म्हणूनच निळाशार आणि पारदर्शक.

एवढ्या तुटीत प्रवाळ जगतात कसे? त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि बराचसा वाटा यजमानाला देते. यजमान आपला टाकाऊ नत्र त्याला देतो. घरातले घरातच फिरते. बाहेरून खत ओतले की हा व्यवहार बिघडतो. आतले शैवाल माजते आणि प्रवाळाचा रंग तपकिरी पडतो. खडकावरचे केसाळ शेवाळ वाढून त्याला झाकते. आणि फॉस्फेट फार झाले की चुन्याचा सांगाडा घडण्यातच अडथळा येतो.

शून्य नको

आम्हाला वाटले, मग काय, दोन्ही शून्यावर आणले की झाले. लेकीने मान हलवली. “शून्य आलं की मला जास्त भीती वाटते.”

तिची भीती खरी होती. वहीत तीन वर्षांपूर्वीचे एक पान होते. शेवाळ वाढले म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने टाकीत लोहाच्या ऑक्साइडचे दाणे एकदम भरपूर घातले गेले. हे दाणे फॉस्फेट पकडून ठेवतात. आठवड्यात आकडा ०.३ वरून शून्याला टेकला. शेवाळ गेले, पण फांद्यांची टोके पांढरी पडली, दोन प्रवाळ मेले, आणि वाळूवर तपकिरी, बुडबुड्यांची चिकट साय पसरली. तिला शेवाळ खाणाऱ्या गोगलगाईही तोंड लावीनात. शेवटी नायट्रेटचे पाणी बाजारातून आणून टाकीत थेंब-थेंब घालावे लागले! जे काढण्यासाठी जिवाचे रान केले, तेच विकत आणायची पाळी.

प्रवाळाच्या आतले शैवालही जीवच आहे. त्यालाही थोडा नत्र, थोडे स्फुरद लागते. नत्र भरपूर आणि स्फुरद अजिबात नाही, अशा अवस्थेत प्रवाळ उन्हाला आणि उष्णतेला लवकर बळी पडतात, असे शास्त्रज्ञांनीही दाखवले आहे. तेव्हा दोन्ही थोडे असावेत, एकमेकांच्या प्रमाणात असावेत, आणि बदल करायचा तो हळूहळू.

यासाठी भाऊंच्या घरात काय काय चालते, ते आम्ही चार दिवस पाहिले.

पहिली गोष्ट, खाद्य मोजून. गोठवलेली कोळंबी आपण जवळा धुतो तशी चाळणीत धुवायची आणि ते फॉस्फेटयुक्त पाणी फेकून द्यायचे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालायचे. आमच्या धाकट्याला माशांचा फार कळवळा आला होता. तो गुपचूप दुसऱ्यांदा डबी उघडत होता. भाभींनी त्याचा हात धरला. “बेटा, वुजूचं पाणीसुद्धा जपून वापरायचं ना? मग हेही तसंच. जास्त घातलेलं त्यांच्या पोटात जात नाही, पाण्यात जातं.”

दुसरी, पाणी. जेद्दाच्या नळाला येते ते समुद्राचे गोडे केलेले पाणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कांनी इथे खारे पाणी उकळून गोडे करणारे यंत्र बसवले. इंग्रजीतल्या कंडेन्सरचे लोकांच्या तोंडी ‘कंदासा’ झाले. आज गोडे पाणी मोठमोठ्या कारखान्यांतून येते, पण इमारतीच्या टाक्यांतून आणि नळांतून फिरून घरात पोहोचेपर्यंत त्यात काय मिसळेल याचा भरवसा नसतो. म्हणून भाऊ ते आर.ओ. यंत्रातून आणि पुढे क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून काढतात, मग त्यात समुद्री मीठ मिसळतात. दर आठवड्याला चाळीस लिटर जुने पाणी काढून तेवढे नवे घालायचे. यातून साठलेल्याचा दहावा भागच जातो. एवढ्यावर भागत नाही, पण यात खंड पडता कामा नये.

तिसरी, फेस. टाकीखालच्या कपाटात एक उंच नळकांडे होते. त्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. विरघळलेली घाण बुडबुड्यांना चिकटून वरच्या वाटीत जमते, काळ्या चहासारखी. वास विचारू नका! वादळात किनाऱ्यावर फेस येतो, तोच हा प्रकार. कुजून नायट्रेट व्हायच्या आधीच घाण बाहेर.

चौथी, शेवाळानेच शेवाळाला मारणे. त्याच कपाटात हिरव्या, गुंता झालेल्या दोऱ्यासारखे एक शेवाळ दिव्याखाली वाढत होते. रात्री वरचे दिवे विझले की याचा दिवा लागतो. ते नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढते. दर पंधरा दिवसांनी मूठभर उपटून टाकायचे. जे वरती नको, ते खाली आपल्या सोयीने उगवायचे.

पाचवी गोष्ट आम्हाला फार गमतीची वाटली. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक टाकीत रोज थोडी व्होडका घालतात. जिवाणूंना त्यातून कर्ब मिळतो, त्यांची संख्या वाढते, वाढताना ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतात आणि मग फेसाबरोबर बाहेर पडतात. सौदीत व्होडका मिळणार नाही आणि मुसलमानाच्या घरात ती येणारही नाही. भाऊ काम भागवतात भाभींच्या लोणच्याच्या पांढऱ्या सिरक्यावर! सिरक्यातला कर्ब जिवाणूंना तितकाच चालतो. मात्र थेंबांनी सुरुवात, आठवड्या-आठवड्याने वाढ, आणि घालायचा तो सकाळी. एकदम घातला तर जिवाणू इतके वाढतात की पाणी दुधाळ होते आणि रात्री माशांना प्राणवायू कमी पडतो.

आणि या सगळ्यावर ती वही. चाचणीच्या नळीत थेंब टाकले की फॉस्फेटचे पाणी निळे होते. निळाई जितकी गडद, तितका आकडा मोठा. आकडा खाली आला म्हणून लगेच खूश व्हायचे नाही, कारण खडकांत मुरलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात सुटते. महिनाभर ओळीने आकडे पाहिले तरच खरी चाल समजते.

वही कोणाकडे जाणार

तिसऱ्या दिवशी आम्ही मुलांना कॉर्निशवरच्या फकीह मत्स्यालयात नेले. मोठे शार्क, रंगीत माशांचे थवे पाहून मुले हरखली. पण लेक गप्प होती. रात्री जेवणानंतर भाऊंनी कारण सांगितले. जुलै २०१७ पासून सौदीत परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला शंभर रियाल कर लागला होता, आणि दर वर्षी त्यात शंभरांची भर पडत होती. भाभी आणि तीन मुले मिळून त्या वर्षी महिना ८०० रियाल, पुढच्या जुलैपासून १२००. भाऊंच्या पगारात ते बसेना. मुलांच्या परीक्षा झाल्या की कुटुंब कायमचे रत्नागिरीला, आणि भाऊ एका खोलीत इतर नोकरदारांबरोबर. असे निर्णय त्या दोन वर्षांत आपल्या किती घरांत झाले, ते वाचकांना सांगायला नको.

टाकीचे काय? प्रवाळ भारतात आणता येत नाहीत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळ वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत तर सोडाच, किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा वाळका तुकडाही आठवण म्हणून बॅगेत घालू नये. विमानतळावर तो पकडला जातो आणि प्रकरण अंगाशी येते. उमऱ्याला जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

खालच्या मजल्यावरच्या एका हैदराबादी काकांनी टाकी घ्यायचे कबूल केले होते. लेक रोज मगरिबनंतर त्यांना वर बोलवायची आणि शिकवायची. काकांचा प्रश्न साधा होता: “बेटी, रोज किती डालना?” तिने चमचा दिला नाही. डबीत बसणारे एक इवलेसे माप स्वतः कापून तयार केले होते, ते दिले. आणि सांगितले, आकडा चुकला तर औषध आणायला धावायचे नाही. आधी खाद्य कमी करायचे, मग पाणी बदलायचे, आणि आठवडा थांबायचे. सहा वर्षांच्या वहीची नक्कल तिने स्वच्छ अक्षरात करून ठेवली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा अल-अरबईनच्या काठी गेलो. आता ती खाडी आम्हाला वेगळी दिसली. तीही एक टाकीच. तोंड अरुंद, खाद्य अमाप, बाहेर काढणारे कोणी नाही, आणि तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचे साठलेले. तिथले प्रवाळ भिंतींत गेले आणि नवे येण्याजोगे पाणी उरले नाही. पण असे पाणी सुधारतच नाही, असे नाही. हवाई बेटांवर कानेओहे नावाचा उपसागर आहे. तिथेही वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी पडत होते आणि हिरव्या शेवाळाने प्रवाळ झाकले होते. १९७७-७८ मध्ये सांडपाण्याचे नळ तिथून हलवून खोल समुद्रात नेले. पाण्यातले खत उतरले, शेवाळ मागे हटले आणि काही वर्षांत प्रवाळ पुन्हा वाढू लागले. तिथे कोणी प्रवाळांना औषध दिले नव्हते; आत येणारे तेवढे थांबवले होते.

भाभी आणि मुले मे महिन्यात रत्नागिरीला आली. जूनमध्ये आम्ही भेटायला गेलो तेव्हा लेकीने चाचणीची पेटी बरोबर आणलेली दिसली. आपल्या कोकण किनाऱ्यालाही प्रवाळ आहेत. मालवणचा समुद्र १९८७ पासून त्यांच्यासह अभयारण्य म्हणून राखलेला आहे, आणि विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळांचे पठार आहे. किनाऱ्यावर येणारे पाणी मात्र आपल्याच गावांतून जाते. भातात टाकलेले खत, संडासाच्या झिरपणाऱ्या टाक्या, मासळीबाजाराचे धुणे, सगळे पहिल्या पावसात खाडीत.

लेकीने पावसाच्या आधी एकदा आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर एकदा गावच्या धक्क्यावर खाडीचे पाणी नळीत घेतले. दुसऱ्या वेळी नळी गडद झाली. शेजारचे दोन शेतकरी आणि कोळीणमावशी बघायला जमल्या. “एवढं खत पाण्यात जातं?” एकाने विचारले. गोणीची किंमत त्याला ठाऊक होती. पुढच्या वेळी खत एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत, सरीचा अंदाज घेऊन टाकायचे, असे त्यांचे आपसात बोलणे सुरू झाले. लेक उकिडवी बसून नळी रंगाच्या पट्टीशी लावत होती आणि नव्या वहीत तारीख घालत होती.